हामादाबाईंनी डाव सोडू नये म्हणून

"तू ऑफिसात बसून खेळतेस म्हणे. खरं का गं?" असं मला उरणच्या बाजारात भाजी निवडताना एका ओळखीच्या बाईनं विचारलं होतं. मी म्हटलं, "मी नाही खेळत. कॉम्प्युटरला खेळायला शिकवते." त्यावर ती म्हणाली, "मग तर अजूनच कठीण आहे तुझं," आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून निघून गेली. माझ्या धंद्याबद्दल इतकं नेमकं पुन्हा कुणी बोललं नाही.

तर माझं काम असं होतं. जपानी बुद्धिबळ खेळणाऱ्या एका प्रोग्रामच्या सुरुवातीच्या चाली सुधारायच्या. फक्त सुरुवातीच्या. डावाचा मधला भाग आणि शेवट जपानात बघितला जायचा, आमच्याकडे फक्त ओपनिंग. मांडव घालून द्यायचा आणि जेवणाला न थांबता घरी यायचं, तशातला प्रकार. पण मांडव वाकडा झाला तर वऱ्हाडी कुणाला शिव्या घालतात ते आपल्याला माहीत आहे.

त्याआधी बेलापूरच्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर लिहिलं. पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडली आणि आमच्या गावाबाहेर, ट्रेलर जातात त्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या. भरलेला ट्रेलर गेला की टेबलं हलायची. लोकांनी वेड्यात काढलं. नवरा म्हणाला, "बघ बाई, तुझं तू." म्हणजे त्याचा विरोध होता, पण भांडण्याची ताकद नव्हती. मला मात्र एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की हे काम इथे बसून होतं. त्यासाठी रोज उठून खाडीपलीकडे जायची गरज नाही.

गावात अर्ध्या लोकांना वाटायचं की मी जुगाराचं काहीतरी चालवते. शेजारच्या गावचे एक ट्रेलरमालक एकदा जिना चढून आले. गळ्यात साखळी अशी की मान आपोआप खाली झुकलेली. "ताई, रमी जिंकायचं सॉफ्टवेअर पाहिजे. बोला, काय घेणार?" मी म्हटलं, "दादा, तसलं सॉफ्टवेअर माझ्याकडे असतं तर मी टायरवाल्याच्या डोक्यावर बसले असते का?" त्यांनी खोलीवर नजर फिरवली, त्यांना ते पटलं, आणि चहा घेऊन ते गेले. जाताना म्हणाले, झालं तयार तर फोन करा.

माझ्या जोडीला दोघं होते. एक नारायणदादा, आमच्याच गावचा, माझ्या चुलत्याच्या वयाचा. पूर्वी मिठागरात राबलेल्या घरातला. पुढे बंदराबाहेरच्या एका कंटेनर यार्डात त्यानं उभं आयुष्य काढलं. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत, कुणाच्या वर, कुणाच्या खाली, हे तो ठरवायचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनांना सल्ले देऊ लागला, तेव्हा त्याच्या मुलानंच मला विनवलं, "आत्या, ह्याला कायतरी काम दे." दुसरा रफिक, बोर्ली पंचतनचा. बुद्धिबळात त्या बाजूला त्याला हरवणारा कुणी नव्हता. तो घरून काम करायचा आणि अधूनमधून सुपाऱ्यांची पिशवी घेऊन उरणला यायचा.

आता खेळ काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पट नऊ घरं रुंद, नऊ घरं उंच. राजा, एक हत्ती, एक उंट, दोन घोडे, ओळीनं प्यादी, हे जवळपास आपल्यासारखंच. शिवाय दोन भाले, आणि दोन सोनं, दोन चांदी नावाच्या सोंगट्या. सगळ्या लाकडाच्या, एकाच रंगाच्या. टोक जिकडे ती सोंगटी तिकडच्याची शत्रू. कारण यात मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या हातात जाते आणि तो ती आपली म्हणून पटावर परत ठेवतो. काल आपला असलेला माणूस आज समोरच्याच्या बाजूनं उभा. हे दादाला समजावायला मला एक मिनिटही लागलं नाही. "म्हंजे ग्रामपंचायतच की," तो म्हणाला.

या खेळात सुरुवातीला मारामारी होत नाही. दोघंही आपापल्या राजाला मधून उचलून कोपऱ्याकडे नेतात आणि त्याच्याभोवती सोंगट्यांचं घर बांधतात. जुने खेळाडू सांगतात, सोनं घरात ठेवावं, चांदी बाहेर लढायला पाठवावी. आमच्याकडे हळदीत बायका नेमकं उलटं करतात, पण ते असो. घर नीट बांधलं तर पुढे लढता येतं. घर चुकलं तर पुढे कितीही हुशारी करा, राजा उघडा.

आणि कॉम्प्युटरला नेमकं हेच जमत नाही. तो पुढच्या चाली बघतो आणि कोण कुणाला मारतं ते मोजतो. सुरुवातीला कुणीच कुणाला मारत नाही. मग त्याला सगळ्याच चाली सारख्या दिसतात आणि तो काहीही खेळतो. यावर सोपा उपाय म्हणजे मोठमोठ्या खेळाडूंच्या सुरुवातीच्या चाली त्याच्या पोटात भरून ठेवायच्या. पण समोरच्यानं एखादी वेगळी चाल केली की पाठांतर संपलं. पाहुण्यांसमोर कविता म्हणणारं पोर मधली ओळ विसरतं आणि आईकडे बघतं, तसं होतं.

आमचं गिऱ्हाईक होती जपानातली एक छोटी कंपनी. वृद्धाश्रमांसाठी ते टेबलाएवढं यंत्र बनवायचे, वर पटाचा पडदा. म्हाताऱ्या माणसांनी एकटं बसू नये, यंत्राबरोबर खेळावं, हा हेतू. यंत्र स्वस्त, आतला मेंदू छोटा, इंटरनेट नाही. हल्लीचे मोठे प्रोग्राम मोठमोठ्या मशिनींवर स्वतःशीच अफाट डाव खेळून शिकतात. ते या यंत्रात मावणारच नव्हते. म्हणून जुन्या पद्धतीनं हातानं शिकवणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते आम्ही होतो.

त्यांच्याकडून सातोसाहेब नावाचे गृहस्थ आमच्याशी इंग्रजीतून बोलायचे. त्यांनीच आम्हाला हामादाबाईंबद्दल सांगितलं. एका आश्रमातल्या, ऐंशीच्या पुढच्या. तरुणपणी नवऱ्याच्या न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी खेळून खेळून तयार झालेल्या. यंत्राची चाचणी त्यांच्यावर चालायची. बाई नम्रपणे बसायच्या, खेळायला लागायच्या, आणि यंत्रानं सुरुवातीतच एखादी लाजिरवाणी चाल केली की मान हलवून बटण बंद करायच्या. काय चुकलं विचारलं तर म्हणायच्या, "हं." त्यांचं बघून आश्रमातले बाकीचेही उठून जायचे.

सातोसाहेब एका कॉलवर फार गोड आवाजात म्हणाले की वरिष्ठांना आता थांबणं अवघड आहे. पुढच्या चाचणीत हामादाबाईंनी डाव मधेच सोडला, तर हे काम ते दुसरीकडे देतील. आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. म्हणजे माडी बंद, रफिक दुबईच्या वाटेवर, दादा परत सुनांच्या डोक्यावर, आणि मी बेलापूरला जुन्या साहेबासमोर हात जोडून उभी. "सांगितलं होतं ना, मॅडम," असं तो म्हणाला असता. त्याचा तो चेहरा मला कॉल चालू असतानाच दिसायला लागला.

मग आम्ही कंबर कसली. प्रत्येक सोंगटीला प्रत्येक घराचा भाव ठरवून द्यायचा, ही पद्धत आम्ही घेतली. चांदी या घरात असेल तर इतके गुण, पुढच्या घरात गेली तर थोडे जास्त, भलतीकडे गेली तर कमी. मग प्रोग्रामला काही पाठ नसलं तरी चालतं. गुणांच्या लोभानं तो एकेक सोंगटी घराकडे आणतो. समोरच्याचा हत्ती जागेवर असेल तर राजाचं घर एका तऱ्हेचं, तो डावीकडे सरकला तर दुसऱ्या तऱ्हेचं, असे वेगवेगळे भाव. ही पद्धत आम्ही शोधली नाही, जुनीच आहे. पण भाव ठरवणं म्हणजे चव ठरवण्यासारखं आहे. मीठ किती घालायचं ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

पहिला घोटाळा रफिकच्या हातून झाला, आणि तो बुद्धिबळ येणाऱ्याच्याच हातून होऊ शकतो. आपल्या बुद्धिबळात दोन्ही बाजू आरशासारख्या असतात, वजिरासमोर वजीर. जपानी पटावर तसं नाही. प्रत्येकाचा हत्ती ज्याच्या त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे समोरच्यासाठी पट आरशात धरायचा नसतो, अर्धा फिरवायचा असतो. रफिकनं आयुष्यभराच्या सवयीनं भाव आरशातले भरले. पहिली चाल आमची असली की प्रोग्राम वाघासारखा खेळायचा. दुसरी असली की राजा नेमका स्वतःच्याच हत्तीच्या कुशीत जाऊन बसायचा. तिथे एक हल्ला आला की दोघंही एकदम सापडतात. जपान्यांच्या दृष्टीनं हा महामूर्खपणा.

सातोसाहेबांनी तो डाव बघितला आणि म्हणाले, "हे फार धाडसी आहे." आम्हाला वाटलं कौतुक. दादानं खालून वडापाव मागवले. दोन दिवस आम्ही धाडसी म्हणून मिरवलो. मग रफिकचा फोन आला, आवाज पडलेला. "मॅडम, तौबा. मी पट फिरवलाच नाही. त्यांचं धाडसी म्हणजे आपलं बिनडोक." जपानी माणसाची स्तुती तपासून घ्यायची असते, हे मी त्या दिवशी शिकले.

दादाचं वेगळंच चाललं होतं. त्याला चाली येत नव्हत्या, पण हालचाल कळत होती. यार्डात एक कायदा असतो. डबा, म्हणजे कंटेनर, एकदाच उचलायचा, जिथं ठेवायचा तिथंच ठेवायचा. उद्या निघणारा डबा आज तळाशी गाडला, तर उद्या वरचे तीन उचलावे लागतात. क्रेन फुकट, डिझेल फुकट, बाहेर ट्रेलरची रांग, आणि ड्रायव्हरांच्या तोंडून थप्पी ठरवणाऱ्या प्लॅनरच्या आईबापाचा उद्धार. दादाला फुकट उचललेल्या डब्याची चीड होती. त्यानं पडद्यावर प्रोग्रामचे डाव बघितले आणि कपाळावर हात मारला. "बाय, ही चांदी बघ. आधी हिकडं, मंग तिकडं, मंग परत हिकडं. ह्यो कोन खुळा प्लॅनर हाय?"

खरंच होतं ते. आमचा प्रोग्राम एकच सोंगटी दोनदा-तीनदा हलवून चाली वाया घालवत होता. दादाच्या सांगण्यावरून मी दंड बसवला. सुरुवातीत एखादी सोंगटी दुसऱ्यांदा हलवली की गुण कापायचे. आणि काय सांगू, प्रोग्राम सुतासारखा सरळ आला. घर असं भराभर बांधायला लागला की नेटवर फुकट मिळणारे त्याच्या तोडीचे प्रोग्राम आमच्यापुढे गडबडायला लागले. त्यांचा राजा अजून रस्त्यात, आणि आमचा घरात कडी लावून बसलेला. आम्ही ओळीनं डाव जिंकलो. दादा खाली जाऊन टायरवाल्याला सांगून आला की आपण जपानला हरवतोय. टायरवाल्यानं विचारलं, कशात? दादा म्हणाला, थप्पी लावन्यात.

मग हामादाबाईंनी एक डाव खेळून बघितला. चाचणी नव्हती ती, सराव होता, म्हणून वाचलो.

आमचं घर झकास बांधून झालं. बाईंचंही झालं. आणि मग बाईंनी एक सोनं एक घर बाहेर काढलं. पुढच्या चालीला ते परत आत ठेवलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आमच्या प्रोग्रामला कळेना काय करावं. घरातली कुठलीही सोंगटी हलवली तर दंड. न हललेल्या सोंगट्या उरल्या होत्या फक्त काही प्यादी आणि घोडा. मग त्यानं घोडा उडवला पुढे. या खेळात घोड्याला मागे येता येत नाही. बाईंनी समोरचं प्यादं एक घर सरकवलं, घोडा अडकला, आणि पुढच्या चालीला तो त्यांच्या हातात. त्यांनी मान हलवली आणि बटण बंद केलं.

आम्ही तो डाव पुन्हा पुन्हा लावून बघितला. दादा चिडलेला. "ही म्हातारी फुकट फेऱ्या मारते, आनी जिंकते पन तीच. असं कसं व्हईल?"

"दादा, ती फुकट मारत नाहीये," मी म्हटलं. "ती आपल्याला हलायला लावतेय. आपला दंड काढायला पाहिजे."

"दंड न्हाय काढायचा," तो म्हणाला. "डबा दोनदा उचलला तर प्लॅनर कशाला पायजे? तूनं मना ठेवला कशापायी?"

मी म्हटलं की हा यार्ड नाही. तो म्हणाला की सगळीकडे यार्डच असतो. मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, तुझ्या हट्टापायी माझी माडी बंद होईल. हे बोलायला नको होतं. तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. दोन दिवस आला नाही. रफिक फोनवर म्हणाला, "मॅडम, दंड काढून टाका ना, विचारायचं काय त्यात?" काढून बघितला होता मी. दंड काढला की प्रोग्राम पुन्हा पहिल्या चालीपासून इकडेतिकडे भटकायला लागायचा. घरच बांधायचा नाही. दादाचं अर्धं बरोबर होतं, त्यामुळे तर जास्त राग येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी करंज्याला मासळी घ्यायला गेले. तिथे दादा. करंज्याच्या सगळ्या कोळणी त्याला ओळखतात आणि सगळ्या त्याच्यावर वैतागलेल्या असतात, कारण त्याच्याएवढा घासाघीस करणारा पंचक्रोशीत नाही. मी मागे उभी राहिले. त्यानं एक पापलेट उचललं, खवल्यांकडे बघितलं, खाली ठेवलं. बाईनं भाव सांगितला. हा काही बोलला नाही. पलीकडच्या टोपलीकडे गेला, तिथे उगाच कोळंबी चाळवली, परत आला. परत तेच पापलेट उचललं, ठेवलं. परत पलीकडे गेला. बाईनं मासळीवर पाणी मारलं, फडकं टाकलं, काढलं. ती पण काही बोलेना. चौथ्या खेपेला तिचाच धीर सुटला. "घे रे बाबा, ने. तुझ्यापायी माझं दुसरं गिऱ्हाईक जाईल."

मी पुढे झाले. "दादा, तू आता काय केलंस?"

"पापलेट घेतला," तो म्हणाला. माझ्यावर अजून रुसलेला होता.

"तसं नाही. चार वेळा तिकडे गेलास नि परत आलास. फुकट फेऱ्या नाहीत का त्या?"

"फुकट कशा? बोलला तो बुडला. तिला बोलू द्यायची. म्हनून मी आपला हिकडं तिकडं..." आणि तो थांबला. पापलेटाची पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशीखाली हसू यायला लागलं, ते दाबायला त्यानं तोंड वळवलं.

"म्हंजे म्हातारी पापलेट घेत हुती," तो म्हणाला.

"आणि आपण कोळीण झालो होतो," मी म्हटलं.

त्या पिशवीसकट तो सरळ माडीवर आला. पापलेटाचा वास दिवसभर ऑफिसात. पण त्या दिवशी आम्ही गोष्ट नीट लावली. घर बांधून होईपर्यंत दादाचा दंड कायम. एक जादा उचल चालणार नाही. घर पूर्ण झालं आणि समोरच्यानं हल्ला केलेला नसला, की मग दंड बंद, दादाच्या भाषेत बाजार चालू. मग ठरावीक सोंगट्यांना फिरून यायची मुभा. फक्त त्या गेल्यावर घर उघडं पडता कामा नये. टोपलीपासून किती लांब जायचं हेसुद्धा दादानं सांगितलं. आवाज ऐकू आला पाहिजे इतकंच, म्हणजे एक घर.

आम्ही खूश होऊन आमच्या प्रोग्रामला आमच्याच प्रोग्रामशी लावलं. दोन्ही बाजूंनी सुरेख घरं बांधली. मग याचं सोनं बाहेर, त्याचं सोनं बाहेर, याचं आत, त्याचं आत. या खेळात तीच स्थिती चार वेळा आली की डाव रद्द होतो. प्रत्येक डाव रद्द. दादा म्हणाला, "दोगंपन पापलेट न घेता घरी गेलं." मग आणखी एक गोष्ट घालावी लागली. फेऱ्या मारताना काहीतरी कमवायचं. राजा अजून एक घर आत सरकव, एखादं प्यादं पुढे कर, चांदी बरी जागा बघून ठेव. वाट बघायची, पण प्रत्येक खेपेला थोडं बरं होत जायचं. याचे भाव बसवायला रफिक सामान घेऊन उरणलाच राहायला आला. माझ्या नवऱ्यानं त्याला रोज कालवण करून घातलं. त्याचा विरोध तेवढ्यात कधीतरी मावळला असावा.

चाचणीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्क्रीनसमोर. तिकडे दुपार होत आलेली. सातोसाहेबांनी कॅमेरा लावून ठेवला होता. आम्हाला बाई दिसत होत्या, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. छोट्याशा, ताठ बसलेल्या, केस नीट कापलेले. दुकानवाल्याची बायको शोभत होत्या.

त्यांनी पहिल्याच चालींत कडेचं प्यादं पुढे केलं. पुस्तकाबाहेरची चाल, मुद्दाम. जुना प्रोग्राम इथेच गडबडला असता. आमच्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. राजा चालायला लागला. सोनं मागोमाग, चांदी बाजूला, एक फुकट पाऊल नाही. दादा प्रत्येक चालीला पुटपुटत होता, "बराबर. ठेव. बराबर." घर झालं. बाईंचंही झालं.

मग बाईंनी सोनं बाहेर काढलं.

रफिकनं डोळे मिटले. आमच्या प्रोग्रामनं थोडा वेळ घेतला आणि आपलंही सोनं एक घर बाजूला केलं. बाईंनी सोनं आत ठेवलं. आमच्यानं राजा एक घर आत सरकवला. बाईंनी पुन्हा सोनं काढलं. आमच्यानं सोनं राजाजवळ आणून कडी लावली. घोडा जागेवर उभा, हलायचं नाव नाही. बाई पडद्याकडे झुकल्या. चष्मा काढला, पदराला पुसावा तसा बाहीला पुसला, परत लावला. आणि त्यांचा धीर सुटला. त्यांनी प्यादं पुढे टाकून हल्ला सुरू केला. आमची चांदी तिथे वाट बघत उभीच होती.

तेव्हा खालून भरलेला ट्रेलर गेला असता तरी मला कळलं नसतं. आमचं काम खरं तर तिथे संपलं होतं. ओपनिंग झाली, पुढचा डाव जपानी इंजिनिअरांचा. पण बाईंचा हात कधीही बटणाकडे जाऊ शकत होता. एकदा गेलाही. त्या बटणाशेजारचा पेला उचलून पाणी प्यायल्या.

तेवढ्यात आश्रमातली एक बाई जेवणाचा ट्रे घेऊन आली. हामादाबाईंनी वर न बघता हातानं तिला थांबवलं. ती ट्रे घेऊन तशीच उभी. सातोसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "इथे जेवणाला कुणी थांबायला लावत नाही." ट्रेमधल्या जेवणाची वाफ कमी होत होत थांबली, तरी डाव चालू.

शेवटी बाईंच्या राजाला जागा उरली नाही. त्यांनी थोडा वेळ पट न्याहाळला. मग हात मांडीवर घेतले, कंबरेत वाकल्या आणि स्पष्ट आवाजात काहीतरी म्हणाल्या. मी सातोसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, या खेळात हरणाऱ्यानं स्वतः तोंडानं सांगायचं असतं, मी हरले म्हणून. समोर माणूस असेल तर. यंत्राला कुणी सांगत नाही, बटण दाबतात. "त्यांनी सांगितलं," ते म्हणाले.

रफिक रडत होता, आणि मीही. लाज कसली त्यात. दादा उठून उभा राहिला होता, हाफपँटीवर, आणि जी बाई आपल्याला बघू शकत नाही तिला कंबरेत वाकून नमस्कार करत होता.

"सातोसाहेब, कामाचं काय?" मी विचारलं. तेवढं विचारल्याशिवाय मला राहवेना.

"काम तुमच्याकडेच," ते म्हणाले.

आता मोठे प्रोग्राम स्वतःच शिकतात, आणि पुढच्या यंत्रात ताकदीचा मेंदू आला की आमच्यासारख्यांनी हातानं भाव ठरवायची गरज उरणार नाही, हे मला माहीत आहे. दादाचा दंड, करंज्याचा बाजार, हे सगळं तेव्हा मोडीत जाईल. वाईट वाटतं. पण हे टायरच्या दुकानावर झालं, उरणात झालं, हे आता कुणी पुसू शकत नाही.

स्क्रीनवर हामादाबाईंनी पट पुन्हा मांडला होता. ट्रेवाली बाई कंटाळून खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली होती, ट्रे मांडीवर. बाईंनी कडेचं प्यादं पुढे केलं आणि यंत्राकडे बघत वाट पाहू लागल्या. दादानं डोळे पुसले आणि माझा खांदा हलवला.

"बाय, तिला म्हनाव आदी जेवून घे. आपुन आता कुठं जात न्हाय."